अंगठ्याच्या यंत्राला वीज कोण देते?

गावच्या सेवा केंद्रात आपण अंगठा लावायला जातो. टेबलावर एक लहान यंत्र असते. त्याला एकच वायर असते. ती भिंतीच्या बोर्डात जात नाही. ती कॉम्प्युटरला लावलेली असते. मग यंत्राला वीज मिळते कुठून? चला, आपण पाहू.

कॉम्प्युटरच्या अंगाला चपट्या खाचा असतात. त्यांना यूएसबी पोर्ट म्हणतात. ही सोय १९९६ साली आली. ती तयार करणाऱ्यांत अजय भट्ट पुढे होते. त्यांचे शिक्षण वडोदऱ्याला झाले.

साध्या यूएसबी वायरच्या पोटात चार बारीक तारा असतात. दोन तारांतून वीज जाते. दोन तारांतून निरोप जातो. म्हणजे भाकरी आणि चिठ्ठी एकाच वाटेने येतात.

ही वीज किती असते? घरच्या बोर्डात २३० व्होल्ट असतात. साध्या पोर्टात फक्त ५ व्होल्ट असतात. वीज मिळते तीही मोजून. आधी यंत्राला थोडीच वीज मिळते. मग यंत्र सांगते, "मला इतकी लागेल." कॉम्प्युटर "हो" म्हणाला, की तेवढी मिळते. जुन्या धर्तीच्या पोर्टातून फार तर अडीच वॅट वीज मिळते. घरातला ९ वॅटचा दिवासुद्धा तिच्यावर लागणार नाही!

आता एका पोर्टाला चार तोंडांची डबी लावली. तिला हब म्हणतात. वाटेकरी चार झाले, वीज मात्र तेवढीच. एका नळावर चार घरे भरू लागली, की धार बारीक होते ना? तसेच हे. त्याच डबीवर कुणी मोबाईल लावतो, कुणी छोटा पंखा लावतो. मग अंगठ्याचे यंत्र उपाशी राहते. ते मध्येच बंद पडते. ओढ फार झाली, तर कॉम्प्युटर तो पोर्टच बंद करतो.

आणि आजीला सांगतात, "तुमचं बोट उठत नाही. उद्या या." आजी बिचारी बोट पदराला पुसते, आणि पायी घरी जाते.

कष्टाने बोट झिजते, हे खरे. पण दर वेळी दोष बोटाचा नसतो. यंत्र चालू-बंद होत असेल, तर आपण नम्रपणे म्हणावे, "दादा, मोबाईल जरा काढा. यंत्राची वायर थेट कॉम्प्युटरला लावून बघा."

विचारायला लाजू नये. पेन्शन आपल्या हक्काची आहे.