बंद पाठीचे हेडफोन घेताना

ज्या हेडफोनच्या कपांची मागील बाजू पूर्णतः झाकलेली असते, त्यांचा एक मुख्य उपयोग ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे गायकाच्या कानातील साथसंगत मायक्रोफोनमध्ये शिरू नये व बाहेरचा गलबला कानापर्यंत पोहोचू नये, हा. परंतु या बंदोबस्ताची किंमत अशी की, कोंडलेल्या हवेमुळे खर्ज पुष्कळदा फुगतो आणि वाद्यावाद्यांतील अवकाश आकसतो.

सोनीचा एमडीआर-७५०६, जो १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत वावरतो आहे, त्याचे तारस्वर इतके प्रखर की गायकाचा श्वास, मुद्रणातील खरखर आणि ‘स’काराचा घर्षणध्वनी तत्काळ उघडा पडतो, दोष हुडकण्यास तो उत्तम, मात्र निवांतपणे विलंबित ख्याल ऐकण्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. त्या कामी बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, त्याच्या मखमली गाद्यांमुळे, मला अधिक सुखावह वाटतो. तो घेताना अवरोधाचा (इम्पीडन्सचा) आकडा अवश्य पाहावा, कारण २५० ओहमचा प्रकार मोबाइलवर क्षीण वाजतो, त्यास स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो.

मिक्सिंगचा अखेरचा निवाडा मात्र केवळ हेडफोनवर सोपवू नये. स्पीकरचा डावा-उजवा ध्वनी दोन्ही कानांस पोहोचतो, हेडफोनमध्ये तो विभक्त राहतो, त्यामुळे वाद्यांच्या स्थानाचा अंदाज चुकू शकतो.

चष्म्याच्या दांडीने गादीत फट पडली तरी खर्ज गळतो. तेव्हा चष्मा वापरणाऱ्यांनी दुकानात तो घालूनच, नित्य परिचयाचे एखादे मुद्रण ऐकून, मगच पैसे मोजावेत.