दुसऱ्याच्या कादंबरीत आपला परिच्छेद

आपल्या मजकुरातला स्वल्पविराम जरी कोणी हलवला तरी लेखकाला तो खपत नाही. एका अनुस्वारापायी मुद्रितशोधकाशी मी आठ दिवस अबोला धरलेला आहे. त्यामुळे पुतण्याने जेव्हा सांगितले, “काका, हा खेळ आला तसा थोडेच लोक खेळतात. आधी तो आपल्याला हवा तसा करून घ्यायचा असतो,” तेव्हा मला तो शुद्ध उद्धटपणा वाटला.

खेळ होता ‘स्कायरिम’. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला. बर्फाळ डोंगर, ड्रॅगन, जादू, आणि त्या मुलखात मनाला येईल तिकडे भटकणारे आपण. यात हौशी मंडळींनी जी भर घालायची, तिला ‘मॉड’ म्हणतात. कोणी पाऊस अधिक खरा करतो, कोणी नवे गाव वसवतो. एका विनोदी माणसाने तर ड्रॅगनच्या जागी लहान मुलांचे टॉमस हे आगगाडीचे इंजिन उडवले! गंमत अशी, की यासाठी लागणारी हत्यारे कंपनीनेच लोकांच्या हाती दिली. ‘मॉरोविंड’ या २००२ च्या खेळापासूनची तिची ही रीत; ‘स्कायरिम’साठीचे हत्यार फेब्रुवारी २०१२ मध्ये फुकट मिळाले.

नवशिक्याच्या उत्साहात मी एका रात्रीत बावीस मॉड चढवले. खेळ उघडला आणि पडदा काळा तो काळाच. पुतण्या हसला नाही, म्हणाला, “काका, बँकेत तुम्ही असेच करायचात का?”

वर्मी लागले. तेरीज जुळत नसली की आम्ही एकेक नोंद तपासत असू. इथेही तोच कायदा आहे. प्रथम खेळ काही तास मुळाबरहुकूम खेळावा. त्याच्या सेटिंगच्या फायली पहिल्या वेळी तो उघडल्यावरच तयार होतात. त्यांची एक प्रत बाजूला ठेवावी. संगणक धापा टाकू लागला तर आधी सावल्यांचा दर्जा कमी करावा, कारण सर्वांत जास्त भार त्यांचाच. चित्रांचा वेग सेकंदाला साठाच्या वर नेऊ नये. नेला तर मेजावरच्या थाळ्या आपोआप उडू लागतात.

मग मॉड. ते थेट खेळाच्या फोल्डरमध्ये न ओतता ‘मॉड ऑर्गनायझर’सारख्या व्यवस्थापकातून चढवावेत, मूळ फायलींना धक्का लागत नाही. मॉड आपल्याच आवृत्तीचा आहे ना, ते पाहावे. २०११ च्या आवृत्तीसाठीचा २०१६ च्या ‘स्पेशल एडिशन’मध्ये चालेलच असे नाही. सुरुवात चुका दुरुस्त करणाऱ्या ‘अनऑफिशियल पॅच’ने करावी. एका वेळी एकच चढवावा, खेळून पाहावा, मग पुढचा. दोन मॉडनी एकाच गोष्टीला हात घातला तर यादीत जो मागून येतो त्याचे चालते. म्हणून क्रमाला महत्त्व. आणि अर्ध्यावर आलेल्या खेळातून मॉड काढू नये. जतन केलेल्या डावात त्याचे अवशेष राहतात आणि पुढे कधीतरी दगा देतात.

एवढे कष्ट लोक घेतात ते बहुतेक हौसेखातर. एप्रिल २०१५ मध्ये बेथेस्डा आणि ‘स्टीम’ हे दुकान चालवणारी व्हॉल्व्ह यांनी मॉड विकण्याची सोय केली. किमतीचा चौथा हिस्सा करणाऱ्याचा, बाकीचा कंपन्यांचा. असा गदारोळ उठला की काही दिवसांतच ती सोय गुंडाळावी लागली. २०२३ च्या अखेरीस बेथेस्डाने विक्रीची नवी व्यवस्था आणली. पण फुकट वाटणारे वाटतच आहेत.

त्यांतलाच एक ऑस्ट्रेलियाचा निक पिअर्स. व्यवसायाने वकील. फावल्या वेळात त्याने ‘द फरगॉटन सिटी’ हा मॉड रचला: जमिनीखालचे एक नगर, जिथे एकाने कायदा मोडला तर शिक्षा सर्वांना. २०१५ मध्ये आलेल्या या मॉडच्या संहितेला पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातील लेखक-संघटनेचा पुरस्कार मिळाला. वकिली सोडून त्याने त्याच कल्पनेचा स्वतंत्र खेळ केला. तो २०२१ मध्ये आला. दुसऱ्याच्या समासात लिहिता लिहिता माणूस स्वतःच्या पानावर आला.

हे वाचले त्या रात्री मला एक जुने पाकीट आठवले. माझ्या पहिल्या कादंबरीचा शेवट न पटून एका वाचकाने स्वतःचे शेवटचे प्रकरण लिहून पाठवले होते: चाळीस पाने, सुवाच्य अक्षर. मी ते न वाचता, दोन ओळींच्या कोरड्या पत्रासह परत केले. माझी कादंबरी कोणी एवढ्या जिव्हाळ्याने वाचली होती, हे तेव्हा ध्यानातच आले नाही. आता ती चाळीस पाने मागायची म्हटली तरी पत्ता जवळ नाही.