पंक्तिभेद

गतवर्षीं वैशाखांत आमच्या धाकट्या कन्येचें लग्न झालें. अक्षर बरें म्हणून निमंत्रणपत्रिकांवर नांवें घालण्याचें काम माझ्याकडे आलें. पुतण्याचें नांव मीं लिहिलें. परंतु गेलीं अकरा वर्षें ज्या मित्रासह तो संसार करीत आहे, त्याचें नांव लिहितांना लेखणी अडखळली. कोणी विचारलें तर काय सांगावें, ह्या भयानें तें मीं गाळलें. लग्नास पुतण्या आला नाहीं; त्याचें पत्र आलें. "काका, ज्या पंक्तींत त्याचें पान नाहीं, तेथें माझेंही मांडूं नका." मुलगी सासरीं गेली, मांडव उतरला, परंतु हें वाक्य अद्यापि मनांतून जात नाहीं.

पंक्तिप्रपंच करूं नये, एकास तूप व दुसऱ्यास कोरडा भात वाढूं नये, असें आमच्या वडिलांनीं आम्हांस शिकविलें होतें. परंतु ही शिकवण पंक्तींत बसलेल्यांपुरतीच होती. पंक्तीबाहेर कोणास ठेविलें आहे, हें आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं.

समलिंगी माणसांस दूर ठेवणें हाच आपला धर्म, असें कित्येक वडीलधारे म्हणतात. ग्रंथ काय सांगतात तें प्रामाणिकपणें पाहूं. मनुस्मृतींत पुरुषानें पुरुषाशीं केलेल्या संगास एके ठिकाणीं जातिभ्रंशकर म्हटलें आहे, तर त्याच अध्यायांत पुढें त्यास सवस्त्र स्नान एवढेंच प्रायश्चित्त सांगितलें आहे. कुमारिकांविषयीं मात्र दंड अधिक कठोर आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत तृतीया प्रकृतीच्या लोकांचें वर्णन आहे. म्हणजे शास्त्राचें मत एकमुखी नाहीं. आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा आली ती १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमानें. आणि तें कलम करणाऱ्या इंग्रजांच्या स्वदेशांत ह्याच कृत्यास १८६१ पर्यंत देहान्तशासन होतें. ज्यास आपण सनातन म्हणून कवटाळतों, त्यांतला बराच भाग असा उसना आहे.

ह्या विषयावर बोलणेंही आपल्याकडे सोपें नव्हतें. 'समाजस्वास्थ्य' मासिकांत वाचकांच्या लैंगिक शंकांस उत्तरें दिल्याबद्दल रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या शंकांत समलिंगी संबंधांविषयींच्याही होत्या. १९३४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं कर्व्यांचें वकीलपत्र घेतलें. तरी निकाल विरुद्धच गेला.

पुढें काळ पालटला. १९९० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें समलिंगी वृत्तीस रोगांच्या यादींतून वगळलें. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, प्रौढांचा संमतीचा खाजगी संबंध हा अपराध नव्हे. त्या निकालांत न्यायमूर्ति इंदु मल्होत्रा ह्यांनीं लिहिलें कीं, ह्या लोकांनीं व त्यांच्या कुटुंबीयांनीं शतकानुशतकें जी अप्रतिष्ठा व जो बहिष्कार सोसला, त्याच्या निवारणास झालेल्या विलंबाबद्दल इतिहासानें त्यांची क्षमा मागितली पाहिजे. विवाहाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें त्यांस मिळाली नाहीं.

वाचकहो, बहिष्कार घालावयास जातपंचायतच लागते असें नाहीं. गाळलेलें एक नांव, "एकटाच ये हं" असा प्रेमळ निरोप, पाहुणे आले असतां "हा त्याचा खोलीसोबती" अशी करून दिलेली ओळख, एवढ्यानें काम भागतें. कायद्याला कलम रद्द करतां येतें. पान मांडणें हें घरच्यांचेंच काम आहे. न्यायाधीश म्हणतात इतिहासानें क्षमा मागावी. इतिहास पत्र लिहीत नाहीं. म्हणून तें मीं लिहिलें.

येत्या श्रावणांत आमच्याकडे सत्यनारायण आहे. निमंत्रण एकच धाडलें आहे, नांवें दोन आहेत. तीं दोघें येतील कीं नाहीं, हें ठाऊक नाहीं. पानें मात्र शेजारींशेजारीं मांडण्यास घरांत सांगून ठेविलें आहे.