अंधारा बोळ, उतारवय आणि भिंतीचा रंग

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराला रंग देण्याचा विषय निघाला की बैठकीच्या खोलीच्या रंगावर चार-चार दिवस चर्चा होते. रंगपट्ट्या पाहिल्या जातात, शेजाऱ्यांचे मत घेतले जाते. दारापासून स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ मात्र डब्यात उरलेल्या रंगावर भागवला जातो. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ज्या घरात सत्तरीच्या पुढची व्यक्ती राहते, तेथे विचारपूर्वक रंग निवडावा असा एकच भाग असेल, तर तो हा बोळ होय. पहाटे दोन वाजता लघवीला उठलेले आजोबा बैठकीत जात नाहीत. ते या बोळातून जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. दगावण्याखेरीज खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळणारे वेगळेच. पडण्याची कारणे पुष्कळ आहेत. रक्तदाब, मधुमेह, गुडघे, झोपेच्या गोळ्या. त्यांवर या पाक्षिकात वेळोवेळी लिहिले गेले आहे. आज केवळ भिंतीविषयी बोलू.

आमच्या औंढ्यात, किंबहुना मराठवाड्यातील बहुतेक जुन्या गावांत, घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढे रस्ता, मागे परसदार. साहजिकच घर लांबट होते आणि मधला बोळ केवळ पुढच्या दारातून येणाऱ्या उजेडावर जगतो. दार उत्तरेला असेल तर हा उजेड आणखी मंद. नामदेवांच्या कीर्तनासाठी नागनाथाच्या देवळाने आपले तोंड फिरवले, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. आपले घर मात्र बांधले त्याच दिशेला राहते. तेव्हा आहे त्या उजेडाचा विचार केला पाहिजे.

उत्तरेच्या उजेडाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थंड देशांतील पुस्तकांत उत्तरेकडील खोली म्हणजे बारमाही उदास, निळसर उजेडाची खोली असे वर्णन असते. ते त्यांच्या अक्षांशाला खरे आहे. औंढा साधारण साडेएकोणीस अंश उत्तरेला आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर या काळात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या भिंतीला लागते. म्हणजे आपल्या उत्तराभिमुख दाराची खरी अडचण पावसाळी ढगांत आणि दसऱ्यापासून होळीपर्यंतच्या महिन्यांत असते. उन्हाळ्यात हाच गारवा आपल्याला वरदान वाटतो. म्हणून रंगाची परीक्षा करायची ती हिवाळ्यातील उजेड मनात धरून.

आता डोळ्याकडे वळू. वय वाढते तशी बाहुली लहान होत जाते आणि अंधारातही पूर्वीसारखी विस्फारत नाही. डोळ्यातील भिंग पिवळसर, दाट होते. या दोहोंचा परिणाम असा की साठीतील माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतील माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. 'एवढा उजेड आहे की, दिसत कसे नाही?' असे सून किंवा नातू म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तिप्पट उजेड दिसत असतो.

दुसरी गोष्ट उजेडातून अंधारात येण्याची. बाहेर भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, बोळात पन्नासही नसतो. डोळ्याला पूर्णपणे अंधाराला सरावायला तरुणपणीही सुमारे अर्धा तास लागतो. उतारवयात त्याहून अधिक. नागनाथाचा गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली आहे. उन्हातून आलेली वृद्ध मंडळी तेथील अरुंद पायऱ्या उतरताना कशी चाचपडतात, हे आपण पाहिले असेल. तेथे निदान प्रत्येक जण सावध असतो, कोणीतरी हात धरलेला असतो. स्वतःच्या घरात कोण सावध असते? म्हणून दाराच्या आत एक खुर्ची किंवा ओटा असावा, बाहेरून आल्यावर मिनिटभर बसावे, चपला तेथेच बसून काढाव्यात. रंगाआधीचा हा उपाय बिनखर्चाचा आहे.

आता प्रत्यक्ष रंग. वास्तुशास्त्र मानणारी मंडळी उत्तर ही कुबेराची दिशा म्हणून तेथे हिरवा किंवा निळा रंग सुचवतात. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. वैद्य म्हणून एवढेच सांगतो की पिवळसर झालेले भिंग सर्वांत जास्त अडवते ते निळ्या प्रकाशालाच. तरुण डोळ्याला प्रसन्न आकाशी वाटणारी भिंत ऐंशीच्या डोळ्याला मळकट राखाडी दिसू शकते, आणि गडद निळा व काळा यांत फरकच उरत नाही. हिरवा हवाच असेल तर चुन्यात थेंबभर मिसळल्यासारखा, अगदी फिका घ्यावा. किंवा तो दाराच्या चौकटीला द्यावा. दिशा सांभाळली जाईल आणि भिंतही उजळ राहील.

भिंतीला योग्य ते पिवळसर झाक असलेले पांढरे: हस्तिदंती, साईचा, लोण्याचा रंग, फार तर ओल्या हळदीचे पाणी शिंपडल्याइतका पिवळा. यामागे साधे गणित आहे. बोळाच्या टोकाला पोहोचणारा उजेड भिंतींवरून उड्या मारत जातो. भिंत पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्के परत फेकत असेल, तर तीन उड्यांनंतर निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे ५१ टक्के उरतो. मध्यम हिरव्या वा विटकरी छटेची भिंत ४० टक्केच परत देत असेल, तर तीन उड्यांनंतर ६ टक्के. रंगपट्टीवर दोन छटांत बोटभर अंतर असते. बोळाच्या टोकाला ते आठपट होते. मोठ्या कंपन्यांच्या कित्येक रंगपट्ट्यांवर हे परावर्तनमूल्य छापलेले असते. दुकानदाराला विचारावे आणि ७०च्या खालचे बोळासाठी घेऊ नये. शिवाय अरुंद जागेत दोन भिंती एकमेकींवर आपली छटा टाकतात आणि रंग पट्टीवर दिसला त्याहून गडद वाटतो. तेव्हा आवडलेल्या छटेच्या एक पायरी फिकी घ्यावी. छत मात्र स्वच्छ पांढरे.

उजेड वाढवण्याच्या उत्साहात काही जण एक चूक करतात: भिंत पांढरी, दार पांढरे, फरशीही पांढरी चकचकीत. अशा बोळात भिंत कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते हेच वृद्धांना कळत नाही. दिसणे म्हणजे नुसता उजेड नव्हे, दोन गोष्टींतला फरक जाणवणे. आपली जुनी शहाबादी फरशी या दृष्टीने उत्तम आहे. फिक्या भिंतीखाली तिची करडी कड स्पष्ट उठून दिसते. फरशी फिकी असेल तर भिंतीच्या तळाशी चार बोटांची गडद पट्टी ओढून घ्यावी. चौकट, कडी, विजेच्या बटणांभोवतीची जागा आणि आधाराचा कठडा भिंतीहून गडद असावा. पाश्चात्त्य देशांतील सुगम्यतेच्या मार्गदर्शिका अशा लगतच्या पृष्ठभागांत परावर्तनमूल्याचा किमान ३० गुणांचा फरक ठेवायला सांगतात. आपल्याला मोजमाप नको असेल तर मोबाईलने बोळाचा फोटो काढून तो कृष्णधवल करावा. पायरी फरशीत विरून गेली, तर ती आजींच्या डोळ्यांतही विरते आहे असे समजा.

पायरी आणि उंबरा यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण येथेच जास्त माणसे पडतात. पायरीच्या कडेला काव किंवा लाल ऑक्साईडचा पट्टा देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. दिवसा तो शोभतो. पण संधिप्रकाशात डोळ्याची लाल रंगाची जाण सर्वांत आधी मंदावते. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांनी दोनशे वर्षांपूर्वी हे नोंदवले होते: दिवसा तेजस्वी दिसणारी लाल फुले तिन्हीसांजेला काळवंडतात आणि पाने त्यांच्यापेक्षा उजळ दिसू लागतात. करड्या फरशीवरचा लाल पट्टा दिवेलागणीला असाच काळा होऊन नाहीसा होतो. माझ्याकडे एक आजी मनगट मोडून आल्या होत्या. मुलाला वाटत होते की त्यांना चक्कर आली. त्या मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, 'चक्कर न्हाई रे, पायरीच दिसली न्हाई.' रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख सारे ठीक निघाले. त्या पायरीला गेल्याच वर्षी हौसेने लाल पट्टा मारलेला होता. गडद पायरीच्या कडेला दोन इंचांचा पिवळा किंवा पांढरा, खरबरीत पट्टा द्या. त्या घरात आता तोच आहे. उंबऱ्याचे हळदीकुंकू जरूर असावे, त्याच्या कडेला हा पट्टाही असावा.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती घरात असतील तर जमिनीवर नक्षी आणि काळे पायपुसणे टाळावे. काळा चौकोन त्यांना खड्डा वाटू शकतो. मग त्या थबकतात किंवा तो ओलांडण्यासाठी लांब पाऊल टाकतात.

चकाकीविषयी. पूर्वी बोळाच्या खालच्या अर्ध्या भागाला तैलरंग देत, धुता यावा म्हणून. मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्याला हा चकाकणारा भाग दिव्याखाली नुसता फटफटतो आणि पुढचे दिसत नाही. आज धुता येणारे, तरीही चमक नसलेले इमल्शन मिळते, ते घ्यावे. नुसता चुना स्वस्त आहे, उजळ आहे आणि क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहजी धरत नाही, हा उत्तरेच्या ओलसर भिंतीसाठी मोठाच गुण. पण हात लावून चालणाऱ्या माणसाच्या तळव्याला तो लागतो. माझा सल्ला विचाराल तर खांद्यापर्यंत इमल्शन आणि वर चुना. भिंतीला लोणा लागलेला असेल तर आधी पाणी कोठून मुरते ते शोधा. त्यावर कोणताही रंग टिकत नाही.

घरापुढे अंगण असेल आणि ते घराच्या उंचीपेक्षा रुंद असेल, तर आणखी एक युक्ती आहे. ऐन हिवाळ्यातही भर दुपारी घराची सावली जवळपास घराच्या उंचीइतकीच पडते. पलीकडच्या कुंपणभिंतीच्या आतल्या अंगाला ऊन मिळते. ती भिंत पांढरी करून टाका. दारातून आत येणारा उजेड त्याच दिवशी वाढलेला दिसेल.

नमुन्याखेरीज रंग ठरवू नये. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो एकदा दाराशी, एकदा बोळाच्या टोकाला टेकवावा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दिव्याखाली पाहावा. आणि पाहायला बोलवावे ते आजी-आजोबांना. रंगारी पंचविशीचा, पसंत करणारी सून पस्तिशीची, आणि त्या बोळातून दिवसातून वीस वेळा जाणार ती ऐंशीची व्यक्ती. तिला कोणी विचारतच नाही.

रात्रीसाठी रंग पुरेसा नाही. जमिनीपासून हातभर उंचीवर एक मंद पिवळसर दिवा रात्रभर असू द्यावा. निळसर पांढरा नको, तो झोप उडवतो. लोडशेडिंगच्या गावी वीज गेल्यावरही चालणारा, आत बॅटरी असलेला दिवा घ्यावा.

रंगकामाच्या दिवसांबद्दल तीन सूचना. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला त्या आठवड्यात दुसरीकडे झोपवावे. जुना तैलरंग कोरडा खरवडू नये, ओला करून खरवडावा, आणि लहान मुलांना दूर ठेवावे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत किती शिसे आहे, हे नुसते पाहून कळत नाही. आणि चुना डोळ्यात उडाला तर चोळू नये, तूप-मध घालू नये. पापण्या उघड्या धरून अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि मग थेट दवाखाना गाठावा. चुन्याने बुबुळ कायमचे पांढरे पडू शकते.

शेवटी, बोळ अलीकडेच अंधारा वाटू लागला असेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील, किंवा एका बाजूचे दिसतच नसेल, तर रंगाऱ्याआधी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला पडदा यांची तपासणी सरकारी रुग्णालयातही होते. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. चित्रकार क्लोद मोने यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू १९२३ मध्ये काढला, तेव्हा त्यांना दोन डोळ्यांनी दोन वेगळे रंग दिसू लागले आणि ते पार वैतागले. आपल्या घरी कोणाची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर तिच्यानंतर भिंतीचा पिवळसरपणा त्यांना कमी आणि निळा अधिक दिसेल. दोन्ही डोळे होईपर्यंत छटा पक्की करू नका. रंगाऱ्याला तोवर प्रायमरचा एक हात मारून ठेवायला सांगा.