परवान्याची दुसरी किल्ली

इमारतींचे आराखडे, यंत्रांच्या भागांची चित्रे, पुलावर येणाऱ्या भाराचे गणित यांसाठी लागणारी सॉफ्टवेअर फार महाग असतात. त्यामुळे अनेक कार्यालये आणि अभियांत्रिकी महाविद्यालये प्रत्येक संगणकासाठी वेगळी प्रत घेत नाहीत. समजा, संगणक ६० आहेत, पण एका वेळी ३० जणच ते सॉफ्टवेअर वापरतात. मग ३० परवाने घेऊन ते एका संगणकावर ठेवले जातात. या संगणकाला लायसन्स सर्व्हर म्हणतात. ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव करणाऱ्या माणसासारखे त्याचे काम असते. कोणी सॉफ्टवेअर उघडले की तो एक परवाना देतो, बंद केले की परत घेतो. एकतिसाव्याला मात्र थांबायला सांगतो.

काम इतके हलके की त्यासाठी बहुधा कोपऱ्यातला जुना संगणक पुरतो. पण तो बंद पडला तर काय होते? बाकीचे ६० संगणक धडधाकट असूनही कामाचे राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी निविदा भरायची असेल किंवा प्रात्यक्षिक परीक्षा चालू असेल, तर या जुन्या यंत्राची खरी किंमत तेव्हा कळते.

‘आम्ही रोज बॅकअप घेतो,’ असे यावर कोणी म्हणेल. घ्यायलाच हवा, पण इथे तेवढ्याने भागत नाही. परवान्याची फाइल सहसा त्या विशिष्ट यंत्राशी बांधलेली असते. प्रत्येक नेटवर्क कार्डाला १२ अंक-अक्षरांचा स्वतःचा क्रमांक असतो आणि बऱ्याचदा तोच फाइलमध्ये नोंदलेला असतो. फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली तर क्रमांक जुळत नाही आणि परवाना नाकारला जातो. क्रमांक हाताने बदलावा, तर फाइलवरची सांकेतिक सही चुकते. म्हणजे फाइलची नक्कल झाली तरी परवानगीची नक्कल होत नाही. ती परवानगी विक्रेत्या कंपनीकडूनच मिळवावी लागते.

म्हणून नियोजनाची सुरुवात नवे यंत्र घेण्याने करू नये. आधी विक्रेत्याला पत्र लिहावे. सर्व्हर बिघडला तर नवी फाइल किती वेळात मिळेल? रविवारी किंवा सुटीच्या दिवशी कोणाला फोन करायचा? राखीव यंत्रासाठी आधीच फाइल मिळेल का, आणि करारात ते बसते का? या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

त्यानंतर यंत्रांचा विचार. फ्लेक्सएलएम या, १९८८पासून चालत आलेल्या आणि आता फ्लेक्सनेट नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन सर्व्हरांची सोय आहे. तिघांपैकी किमान दोन चालू असले की परवाने मिळत राहतात. मग दोनच सर्व्हर का नकोत? त्या दोघांमधली तार तुटली, तर दुसरा बंद पडला असे प्रत्येकाला वाटेल, आणि दोघेही तीस-तीस परवाने वाटत सुटतील. तिघांत बहुमताची अट असल्याने असा घोटाळा होत नाही.

एक संगणक वर्षातला १ टक्का वेळ बंद राहतो असे धरले, तर ते सुमारे ८८ तास होतात. तिघांपैकी दोन एकाच वेळी बंद असण्याचा काळ मात्र वर्षाला तीन तासांहूनही कमी भरतो. पण हा हिशेब प्रत्येकाचा बिघाड स्वतंत्र असेल तरच खरा. तिन्ही यंत्रे एकाच यूपीएसवर आणि एकाच नेटवर्क स्विचवर असतील, तर ती एकदमच बंद पडतील.

दुसरा मार्ग साधा आहे. ३० परवाने १५-१५ असे दोन स्वतंत्र सर्व्हरांवर विभागून घ्यायचे. एक बंद पडला तरी निम्मे काम चालू राहते. काही कंपन्या ठरावीक दिवसांसाठी परवाना लॅपटॉपवर उसना घेऊ देतात. महत्त्वाच्या कामाआधी चार-पाच जणांनी तसा घेऊन ठेवला, तर सर्व्हर बंद पडला तरी त्यांचे अडत नाही.

आपल्याला किती घाई करावी लागेल, हेही आधीच पाहावे. मायक्रोसॉफ्टच्या केएमएस पद्धतीत संगणकाला मिळालेली मान्यता १८० दिवस टिकते. तिथे सर्व्हर दोन दिवस बंद राहिला म्हणून चालू कामे अडत नाहीत. उलट काही सॉफ्टवेअर सर्व्हरशी संपर्क तुटला की थोड्याच वेळात काम थांबवतात.

काही संकटांपुढे जादा यंत्रेही उपयोगी पडत नाहीत. १२ ऑगस्ट २००८ रोजी व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स ३.५ या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीतल्या चुकीमुळे वैध परवाने मुदत संपल्यासारखे नाकारले गेले. चालू असलेले आभासी संगणक चालत राहिले. बंद केलेले मात्र पुन्हा सुरू होईनात. अशा वेळी उपाय विक्रेत्याकडेच असतो. म्हणून सुधारित आवृत्ती आली की ती आधी एखाद्याच यंत्रावर बसवून पाहावी, आणि परवान्यांच्या मुदतीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

शेवटी एक तालीम करावी. कामाचा ताण नसलेल्या शनिवारी, सर्वांना आधी सांगून, मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करावा आणि काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे. ही तालीम सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने न करता, लिहून ठेवलेल्या सूचना वाचून दुसऱ्याने करावी. कारण बिघाड होईल त्या दिवशी सर्व्हर सांभाळणारा माणूस रजेवर असू शकतो.