दाढदुखी आपोआप थांबली? मग जरा थांबा!

आजचा एपिसोड थोडा पर्सनल आहे. विषय आहे दाढदुखी आणि रूट कॅनाल. आणि हो, यातला मूर्ख माणूस मीच आहे.

मागच्या वर्षी माझी खालची उजवी दाढ कुरकुरायला लागली. गार पाणी प्यायलं की सणक जायची. मी काय केलं? गार पाणी सोडलं. पुढे गरम चहानेही ठणका सुरू व्हायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचा नाही. मग दोन रात्री झोपच नाही. रिलीज डोक्यावर होता, म्हणून पेनकिलर खाऊन काम रेटलं, दाढेत लवंग धरली. तिसऱ्या दिवशी दुखणं एकदम गायब! आईला फोन केला, "आई, तुझ्या लवंगेने काम केलं गं!"

दोन महिन्यांनी सकाळी उठलो तर गाल सुजलेला.

डेंटिस्ट मॅडमनी एक्स-रे दाखवला आणि म्हणाल्या, "दाढ बरी झाली नव्हती. आतली नस मेली होती, म्हणून दुखायचं थांबलं."

माझ्या डोक्यात लगेच ऑफिस आलं. सर्व्हरचे अलर्ट बंद झाले की दोन शक्यता असतात. एक, प्रॉब्लेम सुटला. दोन, अलर्ट पाठवणारा सर्व्हरच मेला. मी पहिलं गृहीत धरलं होतं.

आता हे आत नेमकं कसं चालतं ते बघू. दाताचं बाहेरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्यात नस नाही. म्हणून कीड तिथे असेपर्यंत काहीच दुखत नाही. त्याखाली डेंटिन. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात. कीड इथे पोचली की गार-गोड लागायला लागतं. आणि मध्यभागी पल्प, ज्याला आपण 'नस' म्हणतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही असतात.

गंमत अशी की पायाला सूज आली तर पाय फुगतो. पल्प मात्र चारी बाजूंनी टणक भिंतीत बंद आहे. सूज आली की फुगायला जागाच नाही, दाब वाढतो आणि ठणका बसतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून रात्री जास्त दुखतं.

मग रूट कॅनाल कधी लागतं? ढोबळ हिशोब असा.

एक: गार लागलं, सणक गेली आणि काही सेकंदांत थांबली. पल्प बहुधा अजून वाचू शकतो. कीड असेल तर साफ करून सिमेंट भरलं की अनेकदा भागतं. कधी हिरडी खाली सरकल्यानेही असं होतं.

दोन: गार किंवा गरम लागल्यावर ठणका अर्धा मिनिट, मिनिट, त्याहून जास्त रेंगाळतो, किंवा काही न खाता आपोआप दुखतं, झोपेतून उठवतं. पल्प परत बरा व्हायची शक्यता कमी. इथे बहुतेक वेळा रूट कॅनाल किंवा दाढ काढणं हेच पर्याय उरतात.

तीन: सणक बंद, पण चावलं की दुखतं, हिरडीवर पुटकुळी येते, पू येतो. म्हणजे नस मेली आणि इन्फेक्शन मुळाच्या टोकाबाहेर हाडात गेलं. माझी केस हीच.

नक्की काय आहे हे डेंटिस्टच ठरवणार. दातावर ठोकून, गार लावून, एक्स-रे काढून. कारण वरची दुखतेय की खालची, हेसुद्धा कधीकधी आपल्याला कळत नाही.

"अँटिबायोटिकचा कोर्स केला तर?" मीही विचारलं. मेलेल्या पल्पमध्ये रक्तपुरवठाच नाही, तर औषध पोचणार कसं? सूज तात्पुरती उतरेल, मूळ तसंच राहील. लवंगेतलं युजेनॉलही फक्त बधिर करतं.

रूट कॅनालमध्ये करतात काय? भूल देऊन दाढेला वरून छिद्र पाडतात, खराब पल्प काढतात, बारीक फाइल्सनी मुळांच्या नळ्या साफ करतात, औषधाने धुतात आणि गट्टापर्चा नावाचा पदार्थ भरतात. हा एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या टेलिग्राफ केबल्सना याचंच आवरण असायचं! शेवटी दाढ फुटू नये म्हणून बहुतेकदा वर कॅप. खरं सांगू? त्या खुर्चीपेक्षा त्या दोन रात्री कितीतरी वाईट होत्या.

एक सिरियस गोष्ट. सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडत नसेल, सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

मी पहिल्या सणकेला गेलो असतो तर कदाचित सिमेंटवर भागलं असतं. खर्चही कमी, सुट्टीही वाचली असती. तुमची दाढ दुखायची आपोआप थांबली असेल, तर हा एपिसोड संपल्या संपल्या डेंटिस्टला फोन लावा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ब्रश करा, रात्रीचासुद्धा!