थोरल्यांचा शेजार – ६ : चार बोटांची सरहद्द

गेल्या भागात आपण उसुरी नदीच्या बर्फावर होतो, मार्च १९६९च्या सोव्हिएत–चिनी चकमकीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत आणि चिनी सैनिकांनी आणखी एका ठिकाणी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. ही जागा झलानाशकोल सरोवराजवळची, आजच्या कझाकस्तानातली. त्याच भागात, अगदी हद्दीला टेकलेलं एक रेल्वे स्टेशन आहे. १९५०चं दशक संपता संपता सोव्हिएत संघाने तिथवर रूळ आणून ठेवले आणि स्टेशनाला नाव दिलं 'द्रुझ्बा', म्हणजे मैत्री. पलीकडून चिनी रूळ येऊन भिडायचे होते. ते भिडले १९९० मध्ये. तीस वर्षं गाडी 'मैत्री'पाशी येऊन थांबायची. पुढे रस्ताच नव्हता. पुढे सोव्हिएत संघ मोडला आणि कझाकांनी नावाचं आपल्या भाषेत रूपांतर केलं – दोस्तिक. आपल्या 'दोस्ती'चाच भाऊबंद.

रूळ भिडले, पण जुळले नाहीत. चीनच्या दोन रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर, सोव्हिएत वारशातलं १५२०. फरक ८५ मिलिमीटरचा, म्हणजे हाताची चार बोटं. त्या चार बोटांपायी दोस्तिकला आणि दक्षिणेकडच्या खोर्गोसला रात्रंदिवस काम चालतं. चीनमधून आलेली मालगाडी एका रुळावर, शेजारच्या रुळावर रिकाम्या कझाक वाघिणी, आणि दोन्हींवर पाय फाकून उभी असलेली क्रेन. ती कंटेनर चारी कोपऱ्यांना धरून उचलते, आडवा सरकवते, खाली टेकवते. प्रवासी डब्यांचं आणखी वेगळं. डबा जॅकवर चढवायचा, खालची चाकांची बोगी ओढून काढायची, दुसरी सरकवायची. मनमाडला ब्रॉडगेजमधून उतरून, ट्रंका सावरत औरंगाबादच्या मीटरगेज गाडीत बसलेल्या पिढीला हे समजायला अवघड नाही. तिथे निदान दोन्ही रूळ एकाच देशाचे होते.

मध्य आशियात रशिया आणि चीन यांचं नातं काय, असं कुणी विचारलं की एक तयार उत्तर मिळतं: बंदूक रशियाची, पैसा चीनचा. उत्तर सुटसुटीत आहे, म्हणूनच मला ते पटत नाही. अशी वाटणी कुणी करून दिली नाही. ती अंगवळणी पडत गेली. आणि वाटणी म्हटली की भांडण मिटलं असं वाटतं. इथे भांडण मिटलेलं नाही, ते फक्त आवाज न करता चालतं.

सहकार्य खरं आहे, हे आधी मान्य करू. २००१ मध्ये शांघाय सहकार्य संघटना स्थापन झाली ती दोघांच्याही गरजेतून. चीनला शिनजियांगची काळजी, रशियाला आपल्या दक्षिण कुशीची, आणि अमेरिका या अंगणात नको हे दोघांनाही. संघटनेत २०१७ साली भारत आला, सोबत पाकिस्तानही. रशियाला आपण हवे होतो ते निव्वळ प्रेमापोटी नव्हे. एकट्या चीनचं पारडं जड होऊ नये हाही हिशेब त्यात असावा.

मग स्पर्धा दिसते कुठे? रखडण्यात. रशिया चीनला नाही म्हणत नाही. मान डोलावतो आणि प्रकरण भिजत घोंगडं करून ठेवतो. शांघाय संघटनेची विकास बँक काढावी असं चीनने २०१० मध्ये सुचवलं. बँक झाली तर तिच्यात पैसा चीनचा आणि शब्दही चीनचाच, हे मॉस्कोला कळत होतं. बँक काढायची असा राजकीय निर्णय व्हायला २०२५ची त्यानजिन परिषद उजाडली. आपल्या सरकारी कचेऱ्यांत वावरलेल्या माणसाला ही कला ओळखीची वाटेल: फाइल नाकारायची नाही, फक्त पुढे पाठवायची नाही.

नळांची गोष्ट याहून बोलकी आहे. तुर्कमेनिस्तानचा गॅस सोव्हिएत काळापासून जवळपास सगळा उत्तरेला जायचा, कारण नळ तिकडेच जात होते. एकच गिऱ्हाईक असलं की भाव कोण ठरवतो ते सांगायला नको. डिसेंबर २००९ मध्ये उझबेकिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून चीनकडे जाणारी वाहिनी सुरू झाली आणि ती मक्तेदारी गेली. रशियाने आकांडतांडव केलं नाही. पूर्वेला गेलेला गॅस युरोपात आपल्याशी स्पर्धा करणार नाही, एवढा फायदा त्यातही होताच. पुढे युक्रेनचं युद्ध पेटलं, युरोपचं बरंचसं गिऱ्हाईक तुटलं, आणि ऑक्टोबर २०२३ पासून त्याच जुन्या सोव्हिएत नळांतून गॅस उलटा वाहू लागला: रशियातून कझाकस्तानमार्गे उझबेकिस्तानात. ज्या नळातून घ्यायचा त्यातूनच विकायचा, अशी पाळी आली.

बंदुकीचंही तसंच. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात गाडीच्या गॅसचे भाव वाढल्याचं निमित्त होऊन आगडोंब उसळला. अध्यक्ष तोकायेव यांनी मदत मागितली आणि रशियाच्या पुढाकाराखालच्या लष्करी संघटनेचे दोन हजारांवर सैनिक उतरले. काम होताच परतले. चीनने पाठिंबा दिला, सैनिक पाठवले नाहीत. पण त्याच वर्षी जूनमध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये पुतिन शेजारी बसलेले असताना, युक्रेनमधल्या दोन फुटीर 'प्रजासत्ताकांना' आम्ही मान्यता देणार नाही, असं तोकायेव यांनी सांगून टाकलं. मध्य आशियातल्या पाच देशांना नुसत्या सोंगट्या समजणारे इथे फसतात.

२०२३ साली कझाकस्तानचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार चीन झाला. त्याच वर्षी मे महिन्यात शी जिनपिंग यांनी पाचही अध्यक्षांना शिआनला बोलावलं. रशियाला आमंत्रण नव्हतं.

आणि आता पुन्हा रूळ. चीन–किरगिझस्तान–उझबेकिस्तान रेल्वेची चर्चा १९९०च्या दशकापासून चालू होती. रशिया आणि कझाकस्तान या दोघांनाही वळसा घालणारी ही वाट, तेव्हा मॉस्कोला ती रुचणं कठीणच. सगळा दोष मॉस्कोचाही नाही. किरगिझस्तानात सरकारं उलथत होती आणि पैसा कुणी घालायचा हे ठरत नव्हतं. २०२२ मध्ये किरगिझ अध्यक्ष जपारोव यांनी जाहीर केलं की पुतिन यांची हरकत नाही. २०२४च्या जूनमध्ये करार झाला, डिसेंबरअखेर जलालाबादला कामाचा नारळ फुटला, म्हणजे तिकडच्या रीतीने जे काही फुटतं ते.

रूळ मात्र कुणाच्या मापाचे टाकायचे, यावर बराच काथ्याकूट झाला. चिनी माप थेट आत आणलं तर मालाला थांबा नको, पण मग सोव्हिएत जाळ्यातून एक धागा सुटतो. शेवटी ठरलं ते असं: काशगरकडून १४३५, पलीकडून १५२०, आणि दोन्हींची गाठ किरगिझस्तानात मकमलला. तिथेही क्रेन लागणारच.